पाण्याच्या वाटेने जपानी सिनेमा

तापीच्या उत्तर काठावरचे बुऱ्हाणपूर मराठी वाचकाला बहुधा इतिहासाच्या पुस्तकातून ठाऊक असते. खानदेशच्या फारुकी सुलतानांची राजधानी, पुढे मोगलांचे दक्षिणेतील ठाणे, असीरगडाच्या छायेतले शहर आणि १६३१ मध्ये मुमताज महलने जेथे अखेरचा श्वास घेतला ते गाव. आज ते मध्य प्रदेशातील जिल्ह्याचे ठिकाण आहे. जळगाव, बुलढाणा आणि अमरावती हे महाराष्ट्राचे जिल्हे त्याला लागून असल्याने तेथील बाजारात हिंदी, उर्दू आणि निमाडीच्या जोडीने मराठीही सहज कानी पडते. यंत्रमागांचा खडखडाट आणि केळीने भरलेल्या गाड्या ही या शहराची आजची ओळख.

या शहराची एक ओळख मात्र जमिनीखाली आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी झिरपणारे पाणी भूमिगत बोगद्यांतून, केवळ उताराच्या बळावर, शहरापर्यंत आणणारी व्यवस्था अब्दुर्रहीम खानखानान याच्या काळात, १६१५ च्या सुमारास उभारली गेली. इराणातील कनात पद्धतीशी तिचे जवळचे नाते आहे. बोगद्यावर ठरावीक अंतराने उभ्या विहिरी खोदलेल्या असून त्यांना कुंड्या म्हणतात. अशा कुंड्या शंभराहून अधिक आहेत. कुंडी भंडारा किंवा खूनी भंडारा या नावाने ओळखली जाणारी ही रचना २०२४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत दाखल झाली.

आता या शहरावर चित्रपट काढायचा झाला, तर कॅमेरा कोठे ठेवायचा? मुमताजच्या आठवणींनी भारलेल्या शाही किल्ल्याच्या झरोक्यात, की एखाद्या कुंडीच्या काठावर? पहिल्या जागेवरून दिसते ती कहाणी. दुसऱ्या जागेवरून दिसतो तो समाज: पाणी कोणी आणले, कोणाच्या घामाने आणले, ते कोणापर्यंत पोचले आणि कोणाच्या वाट्याला आले नाही. जपानी सिनेमाच्या अभ्यासात हा प्रश्न वारंवार समोर येतो, कारण जपानच्या थोर दिग्दर्शकांपैकी अनेकांनी कॅमेरा पाण्याच्या काठाशी ठेवला आहे. डबके, ओढा, खाडी, झरा यांचा माग घेत गेले तर त्या देशाच्या पाऊणशे वर्षांच्या सामाजिक इतिहासाची एक वाट सापडते.

त्या वाटेला लागण्यापूर्वी थोडी पार्श्वभूमी आवश्यक आहे. जपानी मूकपटांच्या काळात पडद्याशेजारी बसून कथा सांगणारा, सर्व पात्रांचे संवाद स्वतः म्हणणारा ‘बेन्शी’ नावाचा कलावंत असे. कुडाळजवळच्या पिंगुळीची चित्रकथी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हा प्रकार परका वाटणार नाही. चित्रे पुढे सरकत आणि माणसाचा आवाज त्यांना जिवंत करी. बेन्शींची लोकप्रियता एवढी होती की जपानमध्ये बोलपट रुळायला १९३० च्या दशकाचा मध्य उजाडला. आकिरा कुरोसावा यांचे थोरले बंधू याच व्यवसायात होते.

दुसरी गोष्ट भूगोलाची. १ सप्टेंबर १९२३ च्या कांतो भूकंपाने टोकियो आणि योकोहामा उद्ध्वस्त झाले. त्यानंतरच्या काळात चित्रपटांची एक विभागणी पक्की होत गेली: जुन्या वास्तू आणि देवळे असलेल्या क्योतोत ऐतिहासिक चित्रपट, ज्यांना ‘जिदाइगेकी’ म्हणतात, आणि नव्याने उभ्या राहणाऱ्या टोकियोत वर्तमानकाळाचे, म्हणजे ‘गेंदाइगेकी’. वर्तमानकाळाच्या चित्रपटांतूनच शोचिकू या कंपनीच्या आश्रयाने कारकून, छोटे दुकानदार, शाळामास्तर अशा सामान्य कुटुंबांचे चित्रपट बहरले. यासुजिरो ओझू तेथलेच. एखादा जपानी चित्रपट कोणत्या शहरात तयार झाला, एवढे पाहूनही त्याच्याविषयी बरेच काही कळते.

भारतात या सिनेमाची दखल घेतली गेली ती मुंबईपासून. २४ जानेवारी १९५२ रोजी देशातील पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव तेथे सुरू झाला. त्यात इटलीचे नववास्तववादी चित्रपट होते, जपानचा ‘युकिवारिसो’ होता आणि भारताच्या बाजूने इतर चित्रपटांबरोबर व्ही. शांताराम यांचा मराठी ‘अमर भूपाळी’ होता. व्हेनिसच्या महोत्सवात १९५१ मध्ये सर्वोच्च पुरस्कार मिळवलेला ‘राशोमोन’ त्याच सुमारास भारतात पोचला. सत्यजित राय यांच्यावर त्याचा खोल ठसा उमटला. जपानी चित्रपटांवरील त्यांचे चिंतन ‘अवर फिल्म्स, देअर फिल्म्स’ या १९७६ च्या लेखसंग्रहात वाचायला मिळते. १९६० मध्ये पुण्यात प्रभातच्या जुन्या आवारात फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली, १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आले आणि १९६८ मध्ये मुंबईत प्रभात चित्र मंडळ स्थापन झाले. मराठी रसिकांच्या दोन पिढ्यांनी कुरोसावा, ओझू आणि मिझोगुची पाहिले ते मुख्यतः या संस्थांच्या आधाराने, पुष्कळदा संग्रहालयाच्या झिजलेल्या प्रतींवर.

पाण्याची वाट सुरू होते एका घाणेरड्या डबक्यापासून. कुरोसावा यांचा ‘ड्रंकन एंजल’ १९४८ चा. युद्धात बेचिराख झालेल्या टोकियोतील एका वस्तीच्या मधोमध सांडपाण्याचे डबके साचले आहे. त्याच्या काठावर एक दारूडा डॉक्टर गरिबांना औषध देतो आणि क्षयाने पोखरलेल्या एका तरुण गुंडाला वाचवण्याची धडपड करतो. डबक्यातून बुडबुडे येत राहतात, त्यात कचरा पडत राहतो, मुले तेथेच खेळतात. त्या वेळी देशावर अमेरिकी लष्कराचा अंमल होता आणि चित्रपटांवर त्यांची नजर असे. पराभवाविषयी, काळ्या बाजाराविषयी थेट बोलणे अवघड होते. डबक्याला मात्र कोणी हरकत घेतली नाही. वस्तीचा तो देखावा मुळात दुसऱ्या एका चित्रपटासाठी उभारलेला होता आणि तो वापरता यावा म्हणून कथा रचली गेली, ही हकिगत अभ्यासकाने ध्यानात ठेवण्यासारखी आहे. स्थळ आधी आणि माणसे नंतर, असेही घडू शकते.

चार वर्षांनी, १९५२ मध्ये, त्याच दिग्दर्शकाने ‘इकिरू’ केला. या शब्दाचा अर्थ ‘जगणे’. वस्तीतल्या काही बायका साचलेल्या पाण्याची तक्रार घेऊन नगरपालिकेत येतात. त्या जागी मुलांसाठी बाग करा, एवढेच त्यांचे म्हणणे. एक खाते त्यांना दुसऱ्याकडे पाठवते, दुसरे तिसऱ्याकडे, आणि फिरत फिरत त्या पुन्हा पहिल्या खिडकीशी येतात. सरकारी कचेरीची पायरी चढलेल्या कोणाही भारतीयाला या प्रसंगावर भाष्याची गरज नाही. तीस वर्षे कागदांवर शिक्के मारलेला वातानाबे हा अधिकारी कर्करोगाचे निदान कळल्यावर ती बाग करून दाखवतो. चित्रपटाचा खरा कस त्यानंतर लागतो. वातानाबेच्या मृत्यूनंतर त्याच्या घरी जमलेले सहकारी आणि वरिष्ठ बागेचे श्रेय कोणाचे यावर वाद घालतात. दारू चढते तशी अपराधाची जाणीव वाढते, सगळे बदलण्याच्या शपथा घेतात, आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत तक्रारदार आला की त्याला दुसऱ्या खात्याकडे धाडले जाते. पडद्यावर समाजाचे चित्र रेखाटताना एवढा निर्दय प्रामाणिकपणा क्वचितच आढळतो.

‘सेव्हन सामुराई’ (१९५४) बहुतेकांनी लढायांसाठी पाहिलेला असतो. तो एकदा गावाचा नकाशा समोर ठेवून पाहावा. ओढ्यापलीकडे तीन घरे आहेत. संरक्षणाच्या आखणीत ती घरे सोडून द्यावी लागतात. बहुतेकांचे रक्षण करायचे तर काहींचा त्याग अटळ आहे, असा सामुराईंच्या प्रमुखाचा हिशेब असतो. आणि ज्यांची घरे जायची ते शेतकरी भाले टाकून निघून जाऊ पाहतात तेव्हा तो तलवार उपसून त्यांना परत रांगेत आणतो. गावासाठी वाडी सोडावी, धरणासाठी गाव सोडावे, हा हिशेब आपल्याकडेही ऐकलेला आहे. त्या प्रसंगात योग्य बाजू कोणती हे कुरोसावा सांगत नाहीत, आणि तेथेच त्यांची ताकद आहे.

या सगळ्यात पाण्याला सर्वांत जवळ जाऊन भिडलेला चित्रपट कानेतो शिंदो यांचा, १९६० चा ‘द नेकेड आयलंड’. शिंदो हिरोशिमाचे. त्यांच्या छोट्या स्वतंत्र निर्मितिसंस्थेकडे पैसा जवळजवळ उरलेला नव्हता. मोजक्या माणसांना घेऊन ते सेतो अंतर्देशीय समुद्रातील एका चिमुकल्या बेटावर गेले. कथा इतकीच: बेटावर एक जोडपे आणि त्यांची दोन मुले राहतात. बेटावर गोडे पाणी नाही. नवरा-बायको होडीने शेजारच्या बेटावर जातात, बादल्या भरतात, वल्हवत परततात, खांद्यावरच्या कावडीने उभ्या चढणीवर पाणी नेतात आणि एकेका रोपाच्या मुळाशी ओतून पुन्हा निघतात. चित्रपटात संवाद जवळजवळ नाहीत. एकदा बायकोच्या हातून बादली सांडते आणि नवरा तिला मारतो. पुढे थोरला मुलगा आजारी पडतो; डॉक्टर बेटावर पोचेपर्यंत उशीर झालेला असतो. अंत्यविधीनंतर ती स्त्री पाणी ओतून टाकते, रोपे उपटते, जमिनीवर पडून हंबरडा फोडते. नवरा काही बोलत नाही. थोड्या वेळाने ती उठते आणि पुन्हा पाणी घालू लागते. १९६१ मध्ये मॉस्कोच्या महोत्सवात या चित्रपटाला सर्वोच्च पुरस्कार मिळाला आणि शिंदो यांची संस्था तगली.

खांद्यावरून पाणी वाहणारी बाई मराठी मुलखाला नवी नाही, म्हणूनच हा चित्रपट पाहताना एक सावधगिरी बाळगावी लागते. कष्टाचे सुंदर छायाचित्रण प्रेक्षकाला सुखावून जाते आणि प्रश्न बाजूला राहतो: त्या बेटावर पाण्याची सोय का नाही? शिंदो तो प्रश्न विचारत नाहीत. त्यांच्यावर हा आक्षेप घेता येतो आणि तो अगदीच निराधार नाही.

तो प्रश्न विचारला माहितीपटकारांनी. क्युशू बेटावरील मिनामाता येथे चिस्सो कंपनीच्या कारखान्यातून समुद्रात सोडलेल्या पाऱ्याच्या संयुगाने मासे विषारी झाले आणि ते खाणारी कोळी कुटुंबे अपंग झाली. हा आजार १९५६ मध्ये अधिकृतपणे नोंदला गेला. नोरिआकी त्सुचिमोतो यांनी १९७१ मध्ये त्यावर मोठा माहितीपट केला. त्यात आजाराची भीषणता आहेच. पण उथळ पाण्यात उतरून अक्टोपस पकडणारा म्हातारा कोळीही आहे, आणि त्याचे कसब कॅमेरा घाई न करता पाहत राहतो. जे नष्ट झाले ते नेमके काय होते, हे त्याशिवाय कळले नसते. अखेरीस रुग्ण आणि त्यांचे नातलग कंपनीचा एकेक समभाग विकत घेऊन, यात्रेकरूंचा शुभ्र वेष घालून भागधारकांच्या सभेत शिरतात.

शिन्सुके ओगावा यांनी आणखी पुढचे पाऊल टाकले. नारिता विमानतळासाठी जमिनी द्यायला नकार देणाऱ्या शेतकऱ्यांमध्ये ते १९६८ पासून आपल्या सहकाऱ्यांसह जाऊन राहिले आणि आंदोलनावर एकामागून एक चित्रपट केले. त्यानंतर त्यांचा गट यामागाता प्रांतातील मागिनो गावात गेला, तेथे भातशेती करू लागला, आणि माती, पाणी व पिकाचा अनेक वर्षांचा अनुभव घेऊन गावावर चित्रपट तयार केला. भाताच्या खाचरात पाणी कोठे तुंबते, याचा बारीक तपास त्यात आहे. १९८९ मध्ये यामागाता येथे माहितीपटांचा आंतरराष्ट्रीय महोत्सव सुरू झाला, त्याच्या उभारणीत ओगावांचा वाटा होता. मोपाच्या पठारावरील विमानतळाची दीर्घ चर्चा अनुभवलेल्या गोमंतकीय वाचकाने नारितावरील हे चित्रपट मुद्दाम मिळवून पाहावेत.

अलीकडचे उदाहरण र्युसुके हामागुची यांच्या ‘इव्हिल डझ नॉट एक्झिस्ट’चे. २०२३ मध्ये व्हेनिस येथे त्याला परीक्षकांचा मोठा पुरस्कार मिळाला. डोंगरातील एका गावात टोकियोची एक कंपनी पर्यटकांसाठी चैनीचे तंबू उभारू पाहते. गावकऱ्यांबरोबर बैठक होते. कंपनीचे प्रतिनिधी सादरीकरण करतात, आणि सगळी चर्चा येऊन थांबते ती सांडपाण्याच्या टाकीपाशी. टाकी कोठे बसवणार, किती माणसांचा मैला तिच्यात मावणार, आणि उरलेला झऱ्यात गेला तर खालच्या वस्तीने काय प्यायचे? गावातील उदोन शेवयांचे दुकान त्याच झऱ्याच्या पाण्यावर चालते. वीसेक मिनिटांचा हा बैठकीचा प्रसंग म्हणजे लोकशाहीचा वस्तुपाठ आहे, आणि किनारपट्टीवरील कोणत्याही पंचायतीच्या ग्रामसभेत तो जसाच्या तसा घडू शकेल.

सारा जपानी सिनेमा पाण्याच्या धाग्यात ओवता येत नाही, हेही सांगितले पाहिजे. ओझू यांचे जग घरात आहे. ‘टोकियो स्टोरी’ (१९५३) मधील वृद्ध आईबाप ओनोमिची या बंदराच्या गावाहून मुलांना भेटायला राजधानीत येतात. मुलांना वेळ नाही. त्यांची विचारपूस करते ती युद्धात मरण पावलेल्या मुलाची विधवा, सून नोरिको. कॅमेरा जमिनीपासून थोड्याच उंचीवर, चटईवर बसलेल्या माणसाच्या नजरेशी जुळणारा. अंगणाकडची लाकडी ‘एंगावा’ आपल्या ओसरीची किंवा पडवीची आठवण करून देते. घरातले आणि बाहेरचे यांच्या मधली ती जागा आहे, आणि ओझू यांच्या चित्रपटांत तेथे बसून बोललेली वाक्ये आतल्या खोलीतल्या वाक्यांहून वेगळी असतात. २०१२ मध्ये ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश नियतकालिकाने जगभरच्या दिग्दर्शकांचा कौल घेतला, तेव्हा हा चित्रपट पहिल्या क्रमांकावर आला. केन्जी मिझोगुची यांचा ‘सिस्टर्स ऑफ द गिओन’ (१९३६) आणि मिकिओ नारुसे यांचा ‘व्हेन अ वुमन असेंड्स द स्टेअर्स’ (१९६०) यांत हीच भूमिका क्योतोच्या गल्लीकडे आणि टोकियोच्या गिन्झातील मद्यालयांच्या जिन्याकडे जाते. तेथे प्रश्न स्त्रीच्या जगण्याचा आणि तिच्यावर लादलेल्या व्यवहाराचा असतो.

मराठी अभ्यासकाकडे येथे एक हक्काचे साधन आहे आणि ते फारसे वापरले जात नाही. जपानी भाषेत आदराच्या पायऱ्या आहेत. कोण कोणाशी कोणत्या क्रियापदाने बोलतो यावर नात्याचे वजन ठरते. इंग्रजी सबटायटलमध्ये हे सारे एका सर्वनामात सपाट होते. मराठीत तू, तुम्ही आणि आपण आहेत. सासूबाई, जाऊबाई, वन्सं अशी नात्यांची नावे आहेत. नोरिको सासूसासऱ्यांना आई-वडील म्हणूनच हाक मारते, आणि पोटची मुलगी त्यांच्याशी तुटकपणे बोलते, हा विरोध मराठी कानाला लगेच उमगतो. या चित्रपटांना चांगली मराठी सबटायटल्स मिळाली, तर ती पुष्कळ इंग्रजी सबटायटल्सपेक्षा मूळाच्या जवळ जातील. शीर्षकांबाबतही असेच. योकोहामाच्या टेकडीवरचा श्रीमंत बंगला आणि खालची कोंदट वस्ती यांवर बेतलेला कुरोसावा यांचा १९६३ चा चित्रपट इंग्रजीत ‘हाय अँड लो’ झाला. मूळ नावाचा अर्थ ‘स्वर्ग आणि नरक’ असा आहे. इंग्रजी नाव उंची सांगते, मूळ नाव निवाडा करते.

गोव्यासाठी हा अभ्यास दूरचा राहिलेला नाही. २००४ पासून आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव पणजीत भरतो आणि २०२५ च्या महोत्सवात जपान हा विशेष देश होता. तरीही गोव्याचे पडद्यावरील चित्र पाहिले, तर हिंदी चित्रपटांच्या कृपेने समुद्रकिनारा हेच राज्याचे ठिकाण होऊन बसले आहे. बांध आणि मानशींनी खारे पाणी रोखून पिकवलेली खाजने, त्या बांधांची राखण करणारी गावे आणि म्हादईच्या पाण्यासाठी चाललेली झुंज यांना कॅमेरा क्वचितच सापडतो. एक अपवाद आवर्जून नोंदवावा लागेल. साळावलीच्या धरणात बुडालेले कुर्डी हे गाव, गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकरांचे मूळ गाव, उन्हाळ्यात पाणी ओसरले की काही आठवडे पुन्हा वर येते. विस्थापित कुटुंबे तेव्हा तेथे जातात, देवळाच्या आणि घरांच्या जोत्यांवर उभी राहतात. सौम्यानंद साही यांनी २०१६ मध्ये त्यावर ‘रिमेम्बरिंग कुर्डी’ हा माहितीपट केला. ‘सेव्हन सामुराई’मधील ओढ्यापलीकडची तीन घरे आणि कुर्डीची ती जोती एका आठवड्यात पाहिली, तर चार पुस्तके वाचून जे हाती लागणार नाही ते लागते.

पुस्तके अर्थात वाचावीतच. डोनाल्ड रिची आणि जोसेफ अँडरसन यांचा ‘द जॅपनीज फिल्म’ हा १९५९ चा ग्रंथ आजही पहिली पायरी आहे. नोएल बर्च यांचा ‘टू द डिस्टंट ऑब्झर्व्हर’ (१९७९) वादग्रस्त आहे. पाश्चात्त्य माणसाला जपान किती वेगळा दिसावासा वाटतो, हेही त्यातून कळते. ओझू यांच्या रचनेचा तपशील डेव्हिड बॉर्डवेल यांनी १९८८ च्या ग्रंथात मांडला आहे. मात्र प्रत्येक चित्रपट दोनदा पाहावा: एकदा कथेसाठी आणि दुसऱ्यांदा हाती कागद घेऊन, घराचा, गल्लीचा, गावाचा नकाशा काढत.

बुऱ्हाणपूरचा असा नकाशा काढायचा तर तो वरून खाली काढावा लागेल. वर किल्ला, घाट, जामा मशीद, दर्गे, यंत्रमागांच्या गल्ल्या. खाली अंधारात सातपुड्याकडून शहराकडे येणारे बोगदे. खानखानानाच्या काळच्या या भंडाऱ्यांपैकी काही निकामी झाले आहेत. कुंडी भंडाऱ्यात आजही पाणी वाहते, आणि कुंडीच्या तोंडाशी वाकून पाहिले तर खालून त्याचा आवाज येतो.